एक अक्षर आणि एक टिंब

सकाळी साडेदहाला आमच्या छापखान्याच्या तीन पायऱ्या चढून एक कैलासवासी गृहस्थ आत आले आणि म्हणाले, "पानी दे गो बाय, ऊन लय हाय."

मी पाणी दिलं. त्यांनी उभ्या उभ्या ते संपवलं आणि खिशातून नातवाच्या लग्नाची पत्रिका काढून माझ्या टेबलावर ठेवली. निमंत्रकांच्या यादीत पहिलंच नाव त्यांचं होतं आणि नावाच्या आधी सोनेरी शाईत ठसठशीत छापलं होतं, 'कै.' "मी जित्ता हाय ना?" आजोबांनी विचारलं. "मंग मना कैलासाला कोनी धारला?" आजोबा हसत होते. त्यांच्या मागे उभे असलेले दोन मुलगे अजिबात हसत नव्हते.

नौपाड्यातला आमचा छापखाना पत्रिकांचा आहे. साखरपुड्यापासून वास्तुशांतीपर्यंत सगळं आम्ही छापतो, आणि मी सतरा वर्षं तिथे प्रुफं तपासते. राहायला मी विठ्ठलवाडीला, काम ठाण्यात. डोंबिवलीकडच्या जुन्या गावांतल्या आगरी घरांच्या पत्रिका आमच्याकडे खूप येतात, आणि त्या तपासणं म्हणजे मतदारयादी तपासण्यासारखं असतं. काका, चुलतकाका, मामा, आत्या, समस्त ग्रामस्थ मंडळ. भाऊबंदातलं एक नाव वरचं खाली गेलं तर हळदीच्या मांडवात भांडण पेटतं. अशा पत्रिका मालक नेहमी माझ्याच हातात द्यायचे, कारण माझ्या नजरेतून चूक सुटत नाही. ही फुशारकी आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. ती आहेच.

त्या पत्रिकेचं शेवटचं प्रूफ मी एका शुक्रवारी तपासलं होतं. हिरव्या शाईने प्रत्येक नावावर बरोबरची बारीक खूण, खाली माझी सही. त्या प्रुफात या आजोबांच्या नावाआधी 'श्री.' होतं. मला ते आठवत होतं, कारण त्या 'श्री.'चं टिंब नीट उठलं नव्हतं आणि मी ते दोनदा पाहिलं होतं.

मधल्या दोन दिवसांत काय झालं ते आजोबांच्या मुलाने सांगितलं. नवऱ्या मुलाच्या आईचे वडील, म्हणजे दुसरे आजोबा, शनिवारी अचानक गेले. नातेवाइकांपैकी कुणीतरी छापखान्यात फोन केला, आजोबा वारले, तेवढं 'कै.' करा. आता मराठीत बापाचा बाप आजोबा आणि आईचा बापही आजोबाच. फोन करणाऱ्याने कुठले ते सांगितलं नाही, घेणाऱ्याने विचारलं नाही, आणि गेलेले आजोबा पत्रिकेत 'श्री.' राहून जिवंत आजोबा कैलासाला गेले.

"फोन कोणी घेतला?" मालकांनी विचारलं. आम्ही त्यांना काका म्हणतो.

फोन घेतला होता काउंटरवरच्या ताईंनी. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या, अकरा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत. रोज दुपारी आमचे डबे एकमेकींपुढे उघडायचे. माझी सुकटीची चटणी त्यांना चालत नव्हती, त्यांच्या वालाच्या बिरड्यावर मात्र माझा हक्क होता. ताई काकांकडे बघत म्हणाल्या, "फोन मी घेतला. बदल करायला हिला सांगितलं."

"मला कोणी काही सांगितलं नाही," मी म्हणाले.

मग ताईंनी ते वाक्य म्हटलं. आवाज अगदी समजुतीचा, जणू माझीच बाजू घेतायत. "जाऊ दे ना काका. हिच्यात असलं कै., श्री. नसतंच. तिला काय कळणार त्यातलं?"

मी ख्रिस्ती आहे. मराठी ख्रिस्ती, माझ्या आजोबांपासून, म्हणजे आईच्या वडिलांपासून, आम्ही छापखान्यातले. ते नगरकडे एका मिशनच्या छापखान्यात जुळारी होते. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, तीही उलटी. आजोबा उलटी अक्षरं सरळ वाचायचे आणि सरळ वाचताना अडखळायचे. शेवटची काही वर्षं त्यांना प्रुफं तपासायला दिली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला ते 'पाप' म्हणत, आणि खऱ्या पापाला 'चूक' म्हणत. माझं मराठी त्या घरातून आलेलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'ख्रिस्तवासी' लिहितात हे खरं, पण सतरा वर्षांत मी किती नावांआधी 'कै.' लावलं असेल आणि किती जिवंत म्हाताऱ्यांना त्यापासून वाचवलं असेल, याची गणती नाही. आणि मला त्यातलं काय कळणार!

"माझ्या सहीचं प्रूफ काढा, त्यात दिसेल," मी म्हणाले. फाइल काढली. बाकी सगळी प्रुफं होती. तेवढं एकच नव्हतं.

काकांनी आजोबांच्या मुलांपुढे हात जोडले आणि माझ्याकडे बघितलं, म्हणून मलाही जोडावे लागले. न केलेल्या चुकीसाठी हात जोडताना बोटं किती जड होतात, ते मला त्या दिवशी कळलं. आजोबा मात्र जाताना म्हणाले, "रडू नको गो. मेल्याची खोटी बातमी आयली का आयुष्य वाडतं." मी रडत नव्हते. रागाने डोळे भरले होते, त्यांना तो फरक कळला नाही.

पत्रिका नव्याने छापून गेल्या. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "तू आता थोडे दिवस प्रुफं राहू दे. पॅकिंग बघ." थोडे दिवस म्हणजे किती, ते बोलले नाहीत. मी पाकिटं मोजायला आणि गठ्ठ्यांना लाल रिबिनी बांधायला बसले. प्रुफं ताई तपासायला लागल्या. माझ्या खुर्चीतून, माझ्याच दिव्याखाली. डबा मी वेगळा खायला लागले.

नोकरी सोडली का नाही, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. सोडली असती तर ती चूक कायमची माझ्या नावावर राहिली असती. शिवाय मी हट्टी आहे. खाली मान घालून रिबिनी बांधताना मी गठ्ठ्यावरच्या पत्रिका वाचायचे आणि मनातल्या मनात ताईंनी सोडलेल्या चुका मोजायचे. त्यात मला फार समाधान मिळायचं, हे कबूल करते.

रविवारी आम्ही मायलेकी कल्याणला उपासनेला जातो. आमची जुनी मंडळी चर्चला अजून देऊळच म्हणतात. सगळ्या मंडळीबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणताना ती क्षमेची ओळ आली की माझं तोंड बंद व्हायचं. देव आपल्याला जशी क्षमा करतो, तशी आपणही दुसऱ्याला करायची, ती ओळ. बाकीची प्रार्थना मी खणखणीत म्हणायचे. चार-पाच रविवार असं गेलं. मग एकदा रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "एक ओळ गाळतेस तू."

"तुला बरं कळलं."

"जुळाऱ्याची मुलगी आहे मी. ओळ गळाली तर मला कळणार नाही?"

मी तिला सगळं सांगितलं. 'कै.'चं तिला माहीत होतं, ताईंचं वाक्य सांगितलं नव्हतं. ते ऐकून आईने रिक्षाच्या बाहेर बघितलं. मग म्हणाली, "क्षमा कर."

"म्हणजे काही झालंच नाही असं म्हणू?"

"ते कोण म्हणालं? काही झालंच नसेल तर क्षमा कशाची करशील? आधी चूक आहे असं म्हणायला लागतं. तुझे आजोबा काय सांगायचे?"

आजोबा सांगायचे, चूक समासात लिहायची, जुळाऱ्याच्या कपाळावर नाही. लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. मला वाटायचं की ते फक्त प्रुफाबद्दल बोलतायत.

मी आईला म्हटलं, चूक समासात लिहायला आधी प्रूफ तर हातात पाहिजे. ते कुठाय?

ते सापडलं भाद्रपदात. आमच्या छापखान्यात एक रिवाज आहे. पत्रिकेच्या माथ्यावर गणपती असतो, म्हणून बिघडलेली पत्रिका किंवा जुनं प्रूफ कुणी फाडत नाही आणि कचऱ्यात टाकत नाही. असे कागद एका मोठ्या खोक्यात साठवतात आणि वर्षातून एकदा काकांच्या घरचा गणपती जातो, तेव्हा त्याच्याबरोबर विसर्जनाला नेतात. त्या वर्षी खोकं रिकामं करून गठ्ठे बांधायचं काम पॅकिंगवाली म्हणून माझ्याकडे आलं. मांडी घालून जमिनीवर बसले आणि एकेक कागद सरळ करत गेले. चैत्राच्या थरात हात गेला आणि हिरवी शाई दिसली.

माझं प्रूफ. पहिल्या नावाआधी 'श्री.', त्यावर माझी खूण, खाली सही आणि तारीख. आणि सहीच्याही खाली, पेन्सिलने, ताईंच्या गोल अक्षरात, 'फोन आला. आजोबा वारले. कै. करणे.' तिथून एक बाण निघाला होता तो थेट पहिल्या नावाला लागला होता. आधी मी 'श्री.' पास केलं, नंतर फोन आला, नंतर त्यांनी बदल केला. सगळं एका कागदावर, क्रमाने.

एवढा पुरावा त्यांनी फाडून का टाकला नाही? कारण वर गणपती होता. खोटं बोलल्या, पण तो कागद फाडायला हात झाला नाही. ताईंच्या गणपतीने माझी साक्ष चार महिने सांभाळून ठेवली, असं म्हटलं तर आमच्या चर्चमधले पाळकसाहेब भुवया उंचावतील, पण झालं तसंच.

मी तो कागद घडी न घालता पर्समध्ये ठेवला आणि दोन दिवस त्याच्या जिवावर राणीसारखी हिंडले. काय काय बेत केले! गर्दीच्या वेळी, दोन-चार गिऱ्हाइकं समोर असताना, काउंटरवर तो कागद उलगडायचा. ते वाक्य मोठ्याने म्हणायचं. मग हात जोडायला लावायचे, मी जोडले तसे. आईला हे सांगितलं तर ती भाकरी थापत म्हणाली, "हे सगळं कपाळावरच लिहायचं चाललंय."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ताईंना म्हटलं, "डबा घेऊन तलावपाळीला चला."

त्यांना काहीतरी कळलं असावं. निमूट आल्या. दुपारची वेळ, तळ्याकाठच्या बाकड्यावर सावली होती. मी कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो वाचला नाही. बघताक्षणीच ओळखला आणि कागदावरच्या गणपतीवर हात ठेवून बसल्या.

"ही तुमची चूक आहे," मी म्हणाले. "आणि नंतर तुम्ही जे केलंत ते पाप आहे." आजोबांची भाषा मी पहिल्यांदाच सरळ वापरली.

ताईंनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "अगं, ह्यांना जाऊन तेव्हा वीस दिवस झालेले. तेराव्यानंतर लगेच कामावर आले मी. तो माणूस फोनवर म्हणाला, कै. करा. ते अक्षर टाइप करताना मला समोरचं दिसेचना. जे पहिलं नाव दिसलं, त्याला लावलं आणि फाइल मिटवली. नंतर भीती वाटली. एवढ्यात सुट्ट्या घेतलेल्या, काका ठेवतील का म्हणून. तुला नाही काढणार ते, असं वाटलं. तुझ्या कामावर त्यांचा जीव होता."

त्यांचे यजमान गेल्याचं मला माहीत होतं. बाराव्याला मी त्यांच्या घरी जाऊन आले होते, त्यांच्या मुलीला जवळ घेतलं होतं. तरी चार महिने मी त्यांच्या चुका मोजल्या, पण ती पहिली चूक कुठल्या दिवसांत झाली, हे एकदाही मोजलं नाही. प्रूफ तपासणारीला एवढी तारीख दिसू नये याची मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून राग गेला असं नाही. दोन्ही होतं.

"मी तुम्हाला क्षमा केली," मी म्हणाले. हे वाक्य मी घरी पाठ करून आले होते, आणि तोंडातून बाहेर येताना ते पाठ केल्यासारखंच आलं. म्हणून मी पुन्हा म्हणाले, या वेळी सावकाश. "चुकीची केली, खोट्याचीही केली. तुम्ही काकांना काही सांगा, नका सांगू, हा कागद मी त्यांच्यापुढे नेणार नाही. पण ते एक वाक्य तुम्हाला दुरुस्त करावं लागेल, ताई. मला त्यातलं काय कळणार, ते. जिथे बोललात तिथेच."

कागद मी त्यांच्याकडेच ठेवला. परत येताना माझ्या पर्समध्ये काही नव्हतं आणि मला धाकधूक वाटत होती. त्यांनी आता फाडला तर? आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की दिला, आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या आधी आल्या होत्या. मी रिबिनीचं रीळ उचलत होते, तेवढ्यात त्यांनी काकांना हाक मारली. मशिनवाले दोघे, डिझायनर, दारात उभं एक गिऱ्हाईक, सगळ्यांच्या देखत त्यांनी तो कागद काकांच्या टेबलावर ठेवला. "ती चूक माझी होती, काका. हिची नव्हती. फोन मी घेतला, बदल मी केला, आणि प्रूफ मी लपवलं." त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "आणि हिला त्यातलं काय कळणार म्हणाले होते मी. तिच्याएवढं ह्या छापखान्यात कुणालाच कळत नाही. मलाही नाही. तुम्हालाही नाही."

एवढं मी मागितलं नव्हतं. काकांना ते शेवटचं जरा लागलं, असं दिसलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, कागद खालून वर वाचला. मग मला म्हणाले, "चुकलं आमचं. झालं गेलं गंगेला मिळालं, मनात ठेवू नकोस."

"मिळणारच होतं, काका," मी म्हणाले. "गणपतीबरोबर. खोकं मी रिकामं केलं म्हणून वाचलं."

मशिनवाले हसले. काकाही हसले. ताईंचं काय करायचं, असं त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, जणू मी न्यायाधीशच. मी म्हटलं, "काउंटर त्यांच्यासारखा कुणाला जमतो? तिथेच राहू द्या. फक्त माझी सही झाल्यावर बदल आला, तर कागद पुन्हा माझ्याकडे यायला हवा." ते त्या दिवसापासून तसंच चालतं. पत्रिकेतल्या आजोबांच्या घरी ताई आणि मी पुढच्या रविवारी जाऊन आलो. त्यांनी ती 'कै.'वाली पत्रिका देव्हाऱ्याशेजारी चिकटवून ठेवली होती. आल्यागेल्याला दाखवतात म्हणे.

त्याच रविवारी सकाळी, उपासनेत, मी ती क्षमेची ओळ म्हटली. आवाज फार चढला नाही, पण म्हटली. आईने कोपराने ढोसलं. त्यानंतरही एखाद्या रविवारी तो राग परत येतो, मी पुन्हा ती ओळ म्हणते, तो पुन्हा बसतो. एकदा तपासलं की प्रूफ कायमचं शुद्ध, असं छापखान्यातही नसतं.

लोकांनी मला तेव्हा म्हटलं, तू भोळी, तू गरीब गाय. मी भोळीही नाही आणि गाय तर त्याहून नाही. मला जे करायचं होतं ते मी उभं राहून केलं, आणि माझ्या आजोबांनी शिकवलं त्या जागी केलं. त्याचा मला अभिमान आहे. नम्रतेबद्दल पाळकसाहेब काहीही म्हणोत.

या मार्गशीर्षात ताईंच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका अर्थात आमच्याकडेच छापली. मजकूर ताईंनी स्वतः टाइप केला आणि पहिलं प्रूफ घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मी दिवा जवळ ओढला, हिरवं पेन उघडलं. वर गणपती, मग कुलदैवत, मग मुलीचं नाव. तिच्या नावाखाली 'यांची कन्या' असं होतं, आणि त्याआधी वडिलांचं नाव. नावाच्या आधी काहीच नव्हतं. 'श्री.' नाही, काही नाही. एका अक्षराची आणि एका टिंबाची जागा मोकळी सोडली होती.

मी वर बघितलं. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, पेनाकडे बघत होत्या.

"तू घाल," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने होत नाही. तुला कळतं त्यातलं."

मी मोकळ्या जागेत खूण केली, आणि समासात, जमेल तितक्या सुंदर अक्षरात, 'कै.' लिहिलं.